फक्त जम्पर राहिलाय

लाइट गेली की मेणबत्तीच्या आधी भाऊ हजर होतात. तुमच्या आळीतही असतील, नाव वेगळं असेल एवढंच. लाइट कधी येणार हे ज्यांना वायरमनच्याही आधी कळतं, ते भाऊ.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं आमच्या श्रीवर्धनची दाणादाण उडवली. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. कौलं, पत्रे, पोफळी, खांब, उभं होतं ते आडवं झालं. वारा पडल्यावर माणसं बाहेर आली, तर रस्त्यात विजेचा खांब, खांबावर माड आणि माडाखाली कुणाची तरी न्हाणी. त्या ढिगाऱ्यावर चढून भाऊ म्हणाले, "काळजी नको. आत्ताच बोलणं झालं. फक्त जम्पर राहिलाय."

जम्पर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा वायरचा तुकडा. इथे खांबच झोपला होता. आणि बोलणं झालं कुणाशी? मोबाइलची रेंज वाऱ्याबरोबरच गेलेली. पण तसं विचारलं की भाऊ डोळे किंचित मिटून म्हणायचे, "आपली माणसं आहेत."

मग रोज तेच. पंप बंद, सगळी आळी विहिरीवर पोहरे ओढतेय, भाऊ कठड्याला टेकून: "बावीस केव्ही उभी झाली. आता फक्त जम्पर." गिरणी बंद, पीठ संपलं: "दोन दिवस भात खा, फक्त जम्पर." बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले, भर पावसात चिखलात खड्डे खणू लागले, तर भाऊ त्यांनाच जम्परबद्दल सांगायला गेले! त्या बिचाऱ्यांनी ऐकूनही घेतलं. शेवटी आळीनंच तो शब्द उचलला. आमच्या आक्काला स्वयंपाक झाला का विचारलं, तर ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "फक्त जम्पर राहिलाय." लॉकडाउनमध्ये अडकलेल्या एका लग्नाचाही तेवढाच राहिला होता म्हणे.

आठवडे उलटले. माणसाचा किती राग यावा, यालाही मर्यादा असते. भाऊंनी ती रोज संध्याकाळी ओलांडली.

तरी एक आहे. आक्का एकटी, मुलगा मुंबईत अडकलेला. भाऊ तिन्हीसांजेला तिच्याकडे बातमी द्यायला जायचे आणि बोलता बोलता दोन घागरी भरून ठेवायचे, कंदिलाची काच पुसायचे, वात कातरायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आक्काकडूनच कळलं. त्यांची स्वतःची रोठा सुपारीची वाडी मुळासकट झोपली होती. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, आणि भाऊंनी तर साठी ओलांडलेली. वाडीचं काय, असं कुणी विचारलं, की या माणसाकडे काहीच बातमी नसायची.

लाइट आली ती एका मध्यरात्री. सगळी आळी ओरडत बाहेर आली. भाऊ तेवढे दारात घुश्शात उभे: "मला न कळवता सोडली?"

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं आणि लाइट पुन्हा गेली. आक्का पडवीत येऊन म्हणाली, "भाऊला बघा रे, कुठाय तो." भाऊ आले, पण या वेळी खरोखरच वायरमनला भेटून आले होते. म्हणाले, "तारा तुटल्यात, खांब पडलेत. किती दिवस जातील सांगता येत नाही."

आक्का उखडलीच. "मेल्या, दिवेलागणीला असं अभद्र काय बोलतोस? जम्पर राहिलाय म्हण!"