माझ्या पद्मिनीच्या थरथरीवरील समस्त तज्ज्ञांस

गेल्या आठ महिन्यांत माझ्या गाडीचं निदान करणारे गॅरेजवाले, टायरवाले, शेजारी आणि लग्नाच्या पंगतीत भेटलेले जाणकार यांस,

सा. न. वि. वि.

आपले उपकार फेडायचे कसे, हा प्रश्न आहे. फेडण्याजोगे पैसे आपल्याकडेच आहेत.

दुखणं एवढंच होतं : १९७९ची प्रीमियर पद्मिनी ताशी ५५ला थरथरू लागे आणि ७०च्या पुढे जरा निवळे. टायरवाल्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं. फरक पडला नाही म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्या गॅरेजने इंजिनाचे फाउंडेशन रबर बदलले. तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडला, कारण तो त्याला उघडता येत होता. पंगतीतल्या गृहस्थांनी मठ्ठ्याची वाटी खाली न ठेवता ‘टाय रॉड एंड’ असा निकाल दिला. शेजारचे काका तर थेट भंगारवाल्याचा नंबर घेऊन आले.

थरथर नेमकी कुठे जाणवते, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. स्टिअरिंग शांत होतं. थरथरत होती ती सीट.

अखेर भेटले ते टॅक्सीवाले मामा. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. त्याआधीची कित्येक वर्षं मामांनी तिच्यातच काढलेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. शेजारी बसले आणि साठला म्हणाले, “न्यूट्रल करा.” इंजिन मंदावलं, गाडी आपल्या वेगात घरंगळत राहिली आणि थरथर जशीच्या तशी! इंजिन निर्दोष सुटलं. त्याबरोबर नवे रबर आणि कार्ब्युरेटरचं बिलही वाया गेलं. मग मामांनी विचारलं, “ढकढक वाटते की घुर्रर्र?”

प्रश्न साधा नव्हता. साठच्या वेगाला या गाडीचं चाक सेकंदाला नऊएक वेळा फिरतं. त्याचा दोष ढकढक करून कळतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चौपटीहून जास्त वेळा फिरतो. त्याची घुरघुर होते. आमची घुरघुर होती.

मामा गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत हसत बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने शाफ्ट उतरवून त्याच्या सांध्यांतले क्रॉस बदलले होते. बसवताना शाफ्टचे तुकडे एका दात्याने चुकवून जोडले. क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दोन टोकांचे काटे एका रेषेत असतील, तर एकाची खोड दुसरा मोडतो. आमच्याकडे दोघे मिळून खोडी काढत होते. मामांनी शाफ्ट सोडला, दाता जुळवला, पुन्हा बसवला. नवा भाग : शून्य.

सगळा दोष आपला नाही, हेही लिहायला हवं. आपल्यापैकी बरेचजण मारुती ८००नंतर धंद्यात आले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या त्या गाडीखाली हा लांबलचक शाफ्ट नसतोच; जे कधी पाहिलं नाही त्यावर संशय कसा येणार? पण ज्या गॅरेजने तो सोडला होता, त्यालाही मी ही थरथर दाखवली होती. त्याचं उत्तर होतं, “जुनी गाडी आहे, साहेब.”

तेव्हा एकच विनंती. यापुढे कोणाचाही शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक खूण करा. खडूची पेटी सोबत पाठवत आहे; तिचे पैसे नकोत.

कळावे,
आपलंच जुनं गिऱ्हाईक