गणपतीतले टोमणे : झेलण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शिका गणपतीला रत्नागिरीकडे सासरी जाणाऱ्या सुनांसाठी आहे. रेल्वेचं आरक्षण, रजा आणि सासूबाईंची साडी यांची तयारी सगळ्याच करून जातात. टोमण्यांची कुणी करत नाही, आणि मग ऋषिपंचमीच्या दुपारी परसदारी जाऊन डोळे पुसावे लागतात. परसदार या कामासाठी सोयीचं नाही. तिथे आत्येसासूबाई आधीच कुणाविषयी तरी बोलत उभ्या असतात.

आधी मुलूख समजून घ्यावा. इथे घरात भांडण सहसा होत नाही. भांडायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की शेजारच्या वाडीतल्यांना फुकट ऐकायला मिळतं. त्यापेक्षा एक वाक्य, तेही हसत. (अंतू बर्व्याचं नाव घेतल्याशिवाय रत्नागिरीच्या बोलण्यावर लिहू नये असा दंडक आहे. घेतलं.) ते वाक्य ऐकताना कौतुकच वाटतं. लागतं ते रात्री, अंथरुणं घालताना.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे लेकी बोले सुने लागे. सासूबाई माजघरातून आपल्या लेकीला हाक मारून सांगतात, "अगो, कितीदा सांगितलं तुला, उकड गरम असतानाच मळायची. निवली की पारी फाटणारच." लेकीच्या हातात उकड नसते. ती पडवीत फोन चार्जिंगला लावून बसलेली असते. उकड तुमच्या हातात असते, आणि पारीही तुमचीच फाटलेली असते. अशा वेळी खाली मान घालू नये. पडवीकडे वळून मोठ्या मायेने म्हणावं, "वन्सं, ऐकताय ना? आई किती बारकाईनं सांगतायत!" टोमणा ज्या नावाने निघाला त्याच नावाला पोचवणं एवढंच आपलं काम. दुसऱ्यांदा असं झालं की नणंदबाई स्वतःहून उठून आत येतात आणि मोदकांना दोन हात जास्तीचे मिळतात.

मोदकांच्या बाबतीत इतकंच सांगता येईल की वाद कळ्यांवरून होतो, चवीवरून नाही. सारणात गूळ कमी पडला तर खपून जातं, पण कळ्या मोठ्या आणि मोजक्या पडल्या की, "असू दे हो, पोटात गेल्यावर कोण मोजतंय?" हे वाक्य उच्चारणारीने तेवढ्यात मोजलेल्या असतात. यावर खुलासा देऊ नये. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्या कराव्यात आणि पहिली गरम निवगरी त्याच बाईंच्या हातावर ठेवावी. तोंड भरलेल्या माणसाला दुसरं वाक्य सुचेपर्यंत बराच वेळ जातो.

सांगली-साताऱ्याकडच्या सुनांसाठी जादा सूचना. तुम्ही घाटावरच्या आहात हे तुम्हाला पंगतीत कळेल. "तुमच्याकडे आमटीला नारळ नसेलच लावत, नाही?" हा प्रश्न नव्हे. उत्तरादाखल शेंगदाण्याच्या कुटाची बाजू घ्यायला जाऊ नये. कुटाची बाजू घेणारी सून आणि कुटाला नाकं मुरडणारे चुलतसासरे यांच्यात समेट झाल्याची नोंद आमच्याकडे नाही. आळवाचं फदफदं पुन्हा मागून घ्यावं. मागून घेणारीला बोलता येत नाही, हा इथला अलिखित नियम आहे आणि तो आत्येसासूबाईसुद्धा पाळतात.

"इतकी वर्षं झाली, पण अजून आमच्यातली वाटत नाही," असं कुणी म्हणालं तर थिबा राजाला आठवावं. ब्रह्मदेशाचं राज्य गमावून तो १८८६ साली इथे आणला गेला आणि त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला तो १९१० मध्ये. राजाला स्वतःच्या घरासाठी चोवीस वर्षं लागली. सूनबाईंनी घाई करू नये. (पुढे सहाच वर्षांत तो गेला, ही माहिती पंगतीत देऊ नये.)

गौरीच्या दिवशी ओवसायला आलेल्या बायकांत एक प्रश्न हमखास निघतो. नव्या सुनेच्या सुपाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गोड बातमी कधी?" आणि दोन-तीन वर्षं झालेली असली तर त्याच्या पुढचंही. हा प्रकार या मार्गदर्शिकेच्या अखत्यारीत येत नाही. तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या अखत्यारीत येतो. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून घरातल्या बाईला हिणवणं हा त्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून स्वतंत्र शब्दांत नोंदलेला आहे. त्यावर निवगरी चालत नाही. घावन-घाटल्याचं ताट खाली ठेवावं, "हे मला विचारायचं नाही," असं हळू आवाजात म्हणावं आणि उठावं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललेलं असतं, त्यामुळे ओटीवर जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी असते.

आता नवरा. या सगळ्या काळात तो कुठे असतो? प्रत्येक टोमण्याच्या क्षणी त्याला निर्माल्य विहिरीपाशी नेऊन ठेवायचं आठवतं. परंपरा थोर आहे. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त लिहून ठेवलं आहे, की त्या शिकू लागल्या, इंग्रजी वाचू लागल्या, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती बोलून घेतलं. आणि यजमान कोण, तर पुढे मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती झालेले! त्यांनी शिकवण्याचा हट्ट सोडला नाही, पण घरात निवाडा दिला नाही. बायकोला सल्ला दिला तो सोसण्याचा. न्यायमूर्तींचं हे, तर बँकेत नोकरी करणाऱ्यांकडून काय अपेक्षा धरावी? तरीही धरावी. गणपतीला निघण्याआधी, ठाण्याच्या फलाटावरच, त्याच्याकडून एवढं एक वाक्य पाठ करून घ्यावं: "आई, ती उकड मी मळतो." घडीभर घरातले सगळे टोमणे त्याच्याकडे वळतात, आणि त्याला ते कळतसुद्धा नाहीत.

परतीच्या वेळी आगळाची बाटली, फणसपोळी आणि वालाचं पुडकं असलेली पिशवी मिळते. "मागची पिशवी अजून यायचीय हो," यासकट ती घ्यावी.

गाडी सुटल्यावर नवरा म्हणतो, "आईचं मनावर नको घेऊस गं." हे तो स्टेशन सोडल्या सोडल्या म्हणतो, कारण थोड्याच वेळात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि उत्तर आलंच तर खडखडाटात जिरतं. बोगद्यात गप्प बसावं. पलीकडे उक्षी येतं. तिथून पनवेलपर्यंत बोलायला पुष्कळ वेळ असतो.