बुडातला माल

खामगावच्या कापूस बाजारात वरचा थर पाहून मत देणारा माणूस टिकत नाही. ग्रेडर काकाजी तिथे निवृत्तीपर्यंत टिकले. गाडी आली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस कौतुकाने पुढे करी. काकाजी तो न बघताच परत ठेवत, बाही वर सारत आणि काखेपर्यंत हात गाडीत खुपसत. "वरून तं सारेच पांढरे अस्ते बाप्पा! बुडातला माल दाखव." हात बाहेर यायचा तेव्हा मुठीत कवडी, फरदड, पालापाचोळा, एकदा तर त्याच शेतकऱ्याच्या पोराची हरवलेली चप्पल.

हा संशय काकाजींनी शोधून काढलेला नव्हे. कापसात माती, सरकी आणि पाणी मिसळण्याची कला इतकी जुनी, की मुंबईत 1863 सालीच तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खामगावला 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तो या कापसासाठीच. पुढे 1925च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का आणि नंबर सक्तीचा झाला, म्हणजे खोट कुठल्या प्रेसमधली ते गाठच सांगणार. 1972ला राज्यात कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढे तिच्यातच काकाजींना नोकरी लागली.

मॉइश्चर मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर गाडी परत, हा कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा नियम त्यांना पाठ आहे. पण मीटरच्या सुया वरच्या थरात टोचतात, हा त्यांचा मूळ आक्षेप. ते सरकी दाताखाली धरतात. कट्‌ वाजली तर माल वाळका, दबली तर ओला. दाढा पडल्यापासून ही तपासणी पुढच्या दातांवर आली आहे. चिमटीत तंतू ताणून लांबी सांगतात, ती मात्र पट्टीवर सहसा खोटी ठरत नाही.

ओला माल म्हणजे लबाडीच, असंही ते मानत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला आणि घरात वाळवायला जागा नसली, तर शेतकऱ्याने कापूस कुठे पसरायचा? हे त्यांना कळतं. नापास मात्र करायचेच.

खरी अडचण निवृत्तीनंतर झाली. हाताला गाडी उरली नाही, खुपसायची सवय राहिली. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला पातेल्याच्या तळाशी डाव घालायला लावतात. भाजीवालीच्या टोपलीतली वांगी खालून वर येतात आणि ती बाई तोंडाने काय म्हणते ते इथे छापता येणार नाही. चांदीच्या दुकानात गणपतीचं तोंड न पाहता मूर्ती आधी उलटी करतात. खामगावसारख्या रजतनगरीत राहून टंच विचारायचा नाही तर काय विचारायचं! चहाचा कप संपला की बुडाशी साखर राहिली का, ते बघून मगच चहाला बरं म्हणतात.

मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाच्या घरी न जाता काकाजी त्या गावच्या किराणा दुकानात गेले आणि उधारीची वही बघून आले. पोरगा पास झाला. संसार चांगला चालला आहे, म्हणून या पद्धतीवर टीका करायची सोय राहिली नाही.

काकूंनी मात्र एकदा संधी साधली. काकाजींच्या ट्रंकेच्या तळाशी त्यांना केसांच्या कलपाची पुडी सापडली. "वरून काये, बुडात पांढरे," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी काकाजींनी जेवताना तळाची भाजी मागितली नाही.

हंगामात अजूनही ते बाजाराच्या फाटकाशी उभे असतात. पगार नाही, अधिकार नाही, बाही वर सारलेली. तुमची गाडी त्या वाटेने जाणार असेल, तर घरून निघण्याआधी तळाशी स्वतःचाच हात एकदा घालून पाहा.