गच्चीची किल्ली

आमची सोसायटी समुद्राकाठी, बारा मजली. परवाच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरची ठरलेली हमरीतुमरी उरकल्यावर मी विषय काढला: सुनामी आली तर?

आधी हशा पिकला. मग खजिनदार म्हणाले, "आपल्याकडे कसली? ती तिकडे जपानला." त्यांना १९४५ सांगितलं. २८ नोव्हेंबरच्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रात भूकंप झाला आणि त्याच सकाळी मुंबईत लाटांनी माणसं ओढून नेली. म्हणजे हाताशी चार-पाच तास. आता तर हैदराबादच्या केंद्रातून काही मिनिटांत इशारा निघतो. उरलेला वेळ आमच्या सेक्रेटरींना पुण्याहून यायला लागेल, कारण गच्चीची किल्ली त्यांच्या खिशात असते.

"गच्ची मिळणार नाही," बाराव्या मजल्यावरचे काका उसळले. "नुकतंच वॉटरप्रूफिंग केलंय. वर पाणी सांडलेलं चालणार नाही." पाणी खालून येणार आहे, एवढं इतिवृत्तात घ्या, असं मी सुचवलं. आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे. आग लागली तर माणसांसाठी तो मोकळा ठेवायचा असतो. तिथे सध्या थर्माकोलचं मखर, तीन पंक्चर सायकली आणि कुणाच्या तरी सुनेने नाकारलेला सोफा आश्रयाला आहेत.

एक तरुण सभासद म्हणाला, "पहिली लाट खाली जाऊन शूट करतो, मग वर येतोच." हवाईच्या हिलो गावात १९६० साली चिलीहून निघालेली लाट पोचण्याच्या कितीतरी तास आधी भोंगे वाजले होते. बरेच जण घरीच थांबले, काही बघायला गेले. पहिल्या लाटा किरकोळ होत्या, नंतरची नव्हती. ६१ माणसं गेली. त्यांच्याकडे तर मोबाईलही नव्हते.

खरं तर आमचं काय, चौथ्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसलो तरी बहुधा निभावेल. प्रश्न कुंपणापलीकडच्या कोळीवाड्याचा. तिथली घरं बैठी. जपानच्या किनाऱ्यावर कितीतरी पक्क्या इमारती सुनामीत आश्रयाला म्हणून ठरवून ठेवल्या आहेत. बाहेर पाटी असते, वाटेवरचा कुणीही वर चढू शकतो. आमच्याकडे मासळीवाल्या मावशी वीस वर्षं येतात, पण त्यांची लिफ्ट वेगळी.

यावर सभा प्रथमच गंभीर झाली. थकबाकीदारांना वर घ्यायचं का, इथून सुरुवात होऊन दीड तासाने ठराव झाला. गच्चीची दुसरी किल्ली करून तळमजल्यावरच्या ऑफिसच्या कपाटात ठेवावी. कोळीवाड्यातल्यांना माणशी एका ओटीपीवर प्रवेश द्यावा. नेटवर्क नसल्यास वॉचमनच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि आत येण्याची वेळ लिहून घ्यावी. 'भेटीचं कारण' या रकान्यात काय लिहायचं यावर एकमत न झाल्याने तो मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला.