विनाकारण कसे चालावे
(डोंबिवली, कल्याण व ठाणे येथील होतकरू पदयात्रींसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

इंग्लंडात रेडिंगला राहणारा माझा पुतण्या दर रविवारी थेम्सच्या काठाचे फोटो पाठवतो. एक नदी, तिच्या कडेने पायवाट, लांबवर चर्चचा मनोरा, एक गाय. हा या गावाहून त्या गावाला चालत जातो, तिथे सूप पितो आणि बसने परत येतो. "तिकडे काम काय होतं?" असे वहिनींनी त्याला व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारले. तिन्ही वेळा तो म्हणाला, "काही नाही गं, चाललो." वहिनींना आता शंका आहे की त्याची नोकरी गेली.

आपण चालत नाही असे नाही. आठ-बाराच्या लोकलसाठी जिना उतरणारा डोंबिवलीकर जगात कुणाला हार जाणार नाही. पण ते गाठणे झाले. काहीच न गाठता चालायचे, तर ते शिकावे लागते. त्यासाठी पुढील सूचना.

१. साहित्य

जुन्या चपला, छत्री, सुटे पैसे आणि एक पिशवी. यातली पिशवी विसरू नये. रिकाम्या हाताने रमतगमत चालणारा प्रौढ गृहस्थ एक तर संशयित ठरतो, नाहीतर प्लॉट बघायला आलेला. हातात पिशवी असली की तो भाजीला निघालेला असतो आणि समाज निर्धास्त होतो. अनुभवी पदयात्री पिशवीत दुसरी पिशवी ठेवतात.

२. ऋतू

पावसाळ्यात उल्हास नदीकाठी जाण्याचे कष्ट घेऊ नयेत, तीच येते. 27 जुलै 2019 रोजी ती बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेसला गराडा घालून बसली आणि हजारभर प्रवाशांची नदीदर्शनाची सोय गाडीतच झाली. रंगांची हौस असेल तर औद्योगिक वसाहतीकडे वळावे. पुतण्या शरद ऋतूत पिवळी-तांबडी पाने बघायला जातो. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये पाऊसच हिरवा पडला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. झाडांवर अवलंबून राहावे लागत नाही.

३. पहिला मार्ग: नदीकाठ

डोंबिवली पश्चिमेला उतरून मोठागावच्या रेतीबंदराकडे निघावे. वाटेत दिवा-वसई मार्गाचे फाटक लागते. ते बंद असेल. मालगाडीचे डबे मोजावेत. पदयात्रेतील हा ध्यानाचा टप्पा समजावा. पलीकडे गेल्यावर पाणी दिसेल. "ही उल्हास नदी ना?" असे कुणाला विचारू नये. "नदी कुठली? खाडी ती," असे उत्तर मिळेल. राजमाचीच्या बाजूला उगवून कर्जत, बदलापूर करत ती येते, मोहिलीला आपल्या नळांसाठी पाणी देते आणि कल्याणच्या दुर्गाडीपाशी येईपर्यंत खारी होऊन खाडी म्हणवून घेते. थेम्सलाही टेडिंग्टनच्या खाली भरती-ओहोटी असते, पण तिचे नाव शेवटपर्यंत टिकते. आपल्याकडे नदीने सासर गाठले की नाव बदलते.

ओहोटीच्या वेळी जावे आणि तिवरांच्या मुळांपाशी चिखल निरखावा. तिथे बोटाएवढी निवटी दिसेल. मासा असून ती पाण्याबाहेर बसते. डोळे डोक्यावर, पोट चिखलात. बराच वेळ काही करत नाही. मग एकदम वीतभर सरकते, पाठीवरचा पर उभारते आणि पुन्हा काही करत नाही. सरकण्याआधी ती जिथे होती, तिथे आणि आता आहे तिथे तसूभर फरक नसतो. तिला कुणी "काम काय होतं?" विचारत नाही. या विषयात तिला गुरू करावे.

४. दुसरा मार्ग: गावोगाव

इंग्लंडात गावे जागच्या जागी राहतात आणि माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावाला जावे लागते. कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांत हा त्रास नाही. ही गावे 1983 ला महापालिकेत गेली, 2002 ला बाहेर आली, 2015 ला परत आत गेली. 2020 ला त्यातली 18 पुन्हा बाहेर काढायचे ठरले आणि प्रकरण न्यायालयात गेले. एका बांधावर स्वस्थ उभे राहिले तरी प्रवास होतो.

तरीही पाय मोकळे करायचेच असतील, तर भोपर, संदप, उसरघर, घारिवली अशी नावे विचारत जावे. एक गाव कुठे संपले, हे भातखाचरांवरून कळण्याचे दिवस गेले. वाढदिवसाच्या फलकावरचे चेहरे बदलले की पुढचे गाव लागले असे धरावे. मधल्या गृहसंकुलांच्या नावांत मेडो, वूड्स, रिव्हर असे शब्द आढळतील. ते खोटे नाहीत. इमारतीच्या जागी आधी काय होते, त्याची ती नोंद आहे.

ठाणेकरांनी तलावपाळीच्या फेऱ्यांना पदयात्रा म्हणू नये. सात फेऱ्यांनंतरही माणूस मसुंदा तलावाच्या काठीच असतो आणि हाती भेळ असते.

५. हक्क

सर्वांत नाजूक कलम. इंग्लंडात पायवाट कुणाच्या शेतातून गेली तरी शेतकऱ्याला तिला कुलूप लावता येत नाही. हे फुकट मिळालेले नाही. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो लोक किंडर स्काउटच्या राखीव डोंगरावर ठरवून घुसले, पाच जण तुरुंगात गेले. 1949 च्या कायद्याने सार्वजनिक वाटा अधिकृत नकाशावर आणायला लावल्या. आपल्याकडेही गावनकाशात तुटक रेषा असते. एकेरी म्हणजे पायमार्ग, दुहेरी म्हणजे गाडीमार्ग.

अशीच एक एकेरी रेषा धरून मी गेल्या महिन्यात निघालो. ती थेट एका संकुलाच्या फाटकात शिरत होती. सुरक्षारक्षकाने वही पुढे केली. नाव लिहिले. 'कोणाकडे' या रकान्यात रेघ मारली. 'कारण' या रकान्यात 'चालणे' लिहिले. त्याने ते वाचले, माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि अक्षर जपून खोडून वर 'पार्सल' लिहिले.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक आजी माझ्या बाजूने आली, वहीकडे न बघता आत गेली, दोन इमारतींच्या मधून मागच्या भिंतीच्या भगदाडातून वाकून पलीकडे दिसेनाशी झाली. "त्यांची नोंद?" मी विचारले. "त्या रोजच्या आहेत," रक्षक म्हणाला. "भिंत नंतर आली."

घरी येऊन कायदा पाहिला. इंग्लंडात 20 वर्षे बिनहरकत वापरलेली वाट सार्वजनिक झाली असे धरतात. आपल्या 1882 च्या कायद्यातही वहिवाटीचा हक्क सांगायला मुदत तेवढीच: शांतपणे, उघडपणे, हक्काने, खंड न पाडता 20 वर्षे. आजींची मुदत कधीच भरली असावी. माझे तीन रविवार झाले आहेत.

पिशवी आता नेत नाही.