हंगामी दाताची नेमणूक

(पुण्यातील एका दंतवैद्याच्या दवाखान्यातली खिडकीकडची खोली. अडकित्ता हाताशी असताना सुपारी दातानेच फोडण्याचा जो पुरुषार्थ महसूल खात्यातील एका निवृत्त अव्वल कारकुनाने मध्यंतरी गाजवला, त्यापायी वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजवा अर्ध्यावर आला. मुळावरचे उपचार उरकले, खुंट तासून झाला, आणि आता त्यावर कॅप चढवायची आहे.)

अव्वल कारकून : डॉक्टरसाहेब, माझे मागणे अगदी माफक आहे. पुढच्या आठवड्यात भाचीचे लग्न, मामा म्हणून तिच्या पाठीशी मी उभा, आणि फोटोवाला समोर. तेव्हा दात असा द्यावा, की जो शुभ्र आणि निष्कलंक तर असेलच, पण तो बसवलेला आहे याचा कोणाला सुगावाही लागू नये.

दंतवैद्य : भाऊसाहेब, हे एक मागणे नव्हे, हे दोन अर्ज झाले, आणि त्यांतला एक मंजूर केला की दुसरा आपोआप फेटाळला जातो. शुभ्र दात दिला तर तो पंगतीत उपरा दिसेल; सुगावा लागू नये म्हणाल, तर त्याला शेजाऱ्यांइतके पिवळे व्हावे लागेल.

अव्वल कारकून : माझे दात पिवळे आहेत, असे आपले म्हणणे?

दंतवैद्य : सर्वांचेच असतात. दाताचा गाभा, ज्याला आम्ही डेंटिन म्हणतो, तो मुळातच पिवळसर आणि अपारदर्शक. त्यावरचे एनॅमल अर्धपारदर्शक, हिरडीपाशी पातळ, म्हणून तेथे पिवळेपणा अधिक. आणि चावण्याच्या कडेला गाभा संपून नुसते एनॅमल उरते, म्हणून तेथे किंचित निळसर झाक. एकाच रंगाचा दात निसर्गाने कोणाला दिलेला नाही. तो द्यायचे आम्ही, एकरंगी ॲक्रिलिकचा, आणि मग समोरचा माणूस आपल्याशी बोलताना डोळ्यांकडे न बघता दाताकडे बघत असे.

(कपाटातून बशीएवढी जाड चकती काढून देतो. व्यास सुमारे 98 मिलिमीटर. कारकून ती उजेडात आडवी धरतो. तळाची कड पिकल्या कागदाच्या रंगाची. वर येता येता ती फिकी होत जाते, आणि माथ्याशी पलीकडले बोट अंधुक दिसू लागते.)

अव्वल कारकून : यात थर किती, आणि एकाची हद्द कोठे संपते?

दंतवैद्य : थर अनेक, पण हद्द दिसू नये हीच तर कारागिरी. वेगवेगळ्या छटांची भुकटी थरावर थर घालून कारखान्यातच उष्णता आणि दाब देऊन घट्ट करतात. मग आमचे यंत्र त्यातून आपला दात कोरून काढते.

अव्वल कारकून : पण प्लास्टिकच ना अखेर?

दंतवैद्य : पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. कवळ्यांसाठी ते 1930 नंतरच्या दशकात आले. त्याआधी कवळीची हिरडी काळपट-तांबड्या रबराची असे, आणि त्या रबराच्या पेटंटवाल्या कंपनीने परवान्याच्या शुल्कासाठी अमेरिकेतल्या दंतवैद्यांवर दाव्यांचा असा सपाटा लावला, की 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला गोळी घातली.

अव्वल कारकून : (आदराने) वसुलीचे काम धोक्याचेच. आम्ही नुसत्या शिव्यांवर निभावलो.

दंतवैद्य : आणि प्लास्टिक म्हणून नाक मुरडू नका. युद्धात विमानांच्या काचांचे, म्हणजे याच पदार्थाचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही तेथे दाह होत नाही, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज शल्यवैद्याने हेरले आणि 1949 साली लंडनमध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याचेच भिंग बसवले. आपली शस्त्रक्रिया झाली आहे ना? जुन्या पद्धतीचे कडक भिंग असेल तर तेही हेच.

अव्वल कारकून : म्हणजे पाहणाराही हाच आणि चावणाराही हाच! मग पेन्शन कोणाच्या नावावर काढायची?

(दंतवैद्य उत्तर टाळून त्याला खिडकीपाशी नेतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हटकून फसवतो, आणि दात फार वेळ उघडा राहून सुकला की मूळच्याहून पांढरा दिसतो, म्हणून हे काम झटपट उरकावे लागते. सोळा नमुन्यांची पट्टी ओठांशी धरतो.)

दंतवैद्य : ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. आपला रंग ए-साडेतीन.

अव्वल कारकून : साडेतीन?

दंतवैद्य : ए कुळात एक, दोन, तीन, साडेतीन आणि चार.

अव्वल कारकून : वाहवा! साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतले साडेतीन शहाणे! ही पट्टी मराठी माणसाने केलेली दिसते.

दंतवैद्य : जर्मनांनी.

अव्वल कारकून : मग त्यांच्या कचेरीत कोणी तरी सदाशिव पेठेतला असला पाहिजे.

(संगणकाच्या पडद्यावर चकतीच्या चित्रात दाताची आकृती तरंगते आहे.)

दंतवैद्य : आता हे पाहा. आकृती वर सरकवली की दातात एनॅमलचा वाटा वाढतो, खाली आणली की डेंटिनचा.

अव्वल कारकून : वर घ्या. आणखी वर. आणखी!

दंतवैद्य : आणखी वर नेली तर दातातून आतला काळोख दिसेल.

अव्वल कारकून : खाली घ्या.

दंतवैद्य : ठीक. ही कॅप मात्र हंगामी. हिरडी बसली की सिरॅमिकची कायम कॅप देईन. ॲक्रिलिक एनॅमलहून मऊ, ते झिजते, पाणी शोषते आणि हळदीचा रंग धरते.

अव्वल कारकून : अहो, लग्नघर! हळद कोणकोणत्या पदार्थात टाळू? आणि हंगामीचे म्हणाल, तर आमच्या खात्यात हंगामी म्हणून चिकटलेले एक गृहस्थ हंगामीच निवृत्त झाले.

दंतवैद्य : तो पायंडा येथे पाडायचा नाही. जेवून चूळ भरा, आणि सुपारीला अडकित्ता लावा.

अव्वल कारकून : मान्य. एक शेवटची विनंती. दाताचा पिवळेपणा डेंटिनचा असतो, निसर्गदत्त असतो, असे आपण मघाशी म्हणालात, ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. घरी आमच्या तंबाखूवर जो कायमचा ठपका आहे, तो एकदाचा निकाली निघेल.

दंतवैद्य : (लेखणी उघडीत) तीनपर्यंतचा दाखला देतो, भाऊसाहेब. वरचा अर्धा तंबाखूचा.