उलाळ गाडी

मालवणला समुद्राच्या तळाशी मी चांगली दहा मिनिटं उभा होतो. शिरूरच्या स्टँडवर नगरच्या एस.टी.ची वाट बघत माणूस उभा राहतो, तसा. स्कूबा शिकायला आलेले बाकीचे आडवे होऊन माशांसारखे निघाले. मी पाय मारले की वर, थांबलो की खाली. आणि दर वेळी तळाच्या वाळूचा असा लोट उठे, की मागच्यांना खळ्यावर उफणणी चाललीय असं वाटावं.

वर आल्यावर शिकवणारा पोरगा म्हणाला, "काका, वजन सगळा कमरेक असा. म्हणान पाय खाली जातत."

वजन म्हणजे शिशाचे ठोकळे. आपण आणि अंगातला रबरी सूट, दोघंही तरंगतो, म्हणून बुडायला शिसं बांधावं लागतं. (आमच्याकडे त्यासाठी पतसंस्था असतात.) पण किती बांधलं याइतकंच कुठं बांधलं हेही महत्त्वाचं. छातीत हवेचा भोपळा, तो वर ओढतो. कमरेला शिसं, ते खाली ओढतं. झाला माणूस उभा!

हे मला लहानपणीच ठाऊक असायला हवं होतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधत. सुतळी ढिली होऊन डबा खाली घसरला, की बूड वर आणि तोंड पाण्यात. काठावरून चुलते ओरडायचे, "डबा वर घे, डबा!"

आणि उसाची बैलगाडी? मोळ्या मागं जास्त झाल्या की गाडी उलाळ, जू वर उचलायला बघतं. पुढं जास्त झाल्या की धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. जन्मभर अशा गाड्यांमागे मोटरसायकल अडकवून घेतली, पण अक्कल आली ती मालवणात.

दुसऱ्या दिवशी दोन किलो शिसं कमरेवरून काढून पाठीला बांधलेल्या हवेच्या टाकीच्या वरच्या पट्ट्यात घातलं. शहाणपणा करून आणखी दोन. पाण्यात शिरलो तो डोकं खाली, पाय आभाळाला. धुरजड! मग किलोकिलोनं मागंपुढं करत तिसऱ्या दिवशी एकदाचा आडवा झालो.

तेवढ्यात टाकीनं दगा दिला. अकरा लिटरच्या टाकीत २०० बार दाबानं भरलेली हवा अडीच किलोंच्या वर भरते. ती आपणच ओढून संपवतो, आणि अॅल्युमिनियमची टाकी शेवटी शेवटी बुडाकडून उचलू लागते. चालत्या गाडीच्या मागून पोरांनी ऊस ओढावा, तसं. आम्हीही ओढलेला आहे. गाडीवान का खवळायचा ते आता समजलं.

कुणाला स्कूबा शिकायचंच असेल, तर आधी ऊसतोडीच्या हंगामात दौंडच्या रस्त्याला या आणि एखाद्या गाडीवानाला मोळ्या रचताना बघा. फी नाही. ऊस मात्र मागून ओढू नका.